इरा गेल्यानंतरचं अर्धं पुस्तक

निगडीच्या पुलाखाली झेंडूच्या गोण्या उतरू लागल्या की आमची कंपनीची कॅब चालत नाही, नुसती सरकते. अर्धा रस्ता फुलांचा. उरलेल्या अर्ध्यात रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आणि हिंजवडीला उशिरा पोचणारे आम्ही. मी काच खाली करते. ड्रायव्हर वैतागतो, "मॅडम, एसी चालू आहे." असू दे. वर्षातून एकदाच हा वास असा पोत्यांनी येतो. झेंडूच्या वासाने कुणाला देव्हारा आठवत असेल, कुणाला दारावरचं तोरण. मला यंत्राचं ऑईल आठवतं. आमच्या घरातला सगळ्यात मोठा हार देवाला कधी मिळालाच नाही. तो चाकणला जायचा, पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसच्या गळ्यात.

बाबा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. सगळा प्लांट धुऊनपुसून लख्ख, पॅनेलवर कुंकवाची स्वस्तिकं, चालायच्या पिवळ्या पट्ट्यांच्या कडेने रांगोळी. एरवी जमीन हादरवणारी ती धूडं त्या दिवशी अगदी गप्प, न्हाऊमाखू घातलेल्या मुलांसारखी उभी असत. ऑईलचा, झेंडूचा, फोडलेल्या नारळाचा वास एकमेकांत मिसळलेला. आई प्रेससमोर हात जोडायची आणि हळूच म्हणायची, "ह्यांना सांभाळ रे बाबा." देवाला ती एवढ्या काकुळतीने काही मागताना मी पाहिलं नाही.

त्या दिवसांत सहामाही परीक्षा संपलेली असायची. परतीचा पाऊस मध्येच येऊन जायचा, दुपारी ऊन चटके द्यायचं, आणि संध्याकाळी बाबा मला 'मेखला' वाचून दाखवायचे.

मेखला म्हणजे एक अवकाशयान. पृथ्वीवरून निघालेलं, पण इतक्या लांब जायचं होतं की निघालेली माणसं पोचणारच नव्हती. त्यांची नातवंडं पोचली तर पोचली. ही अशी तीन पुस्तकं होती, विटलेल्या कागदाची, बाबांनी कॉलेजात असताना घेतलेली. पहिल्या पुस्तकात इरा ही यानातच जन्मलेली पोरगी, जिने पाऊस कधी बघितला नाही आणि जी भेटेल त्या म्हाताऱ्याला पाऊस कसा लागतो ते विचारत सुटते. दुसऱ्यात यानाची यंत्रं थकत जातात आणि मोठी झालेली इरा ती दुरुस्त करत फिरते. हे बाबांचं आवडतं पुस्तक. तिसऱ्याच्या शेवटी यान नव्या ग्रहावर उतरतं आणि केस पिकलेली इरा दारापाशी येऊन उभी राहते. शेवटचं वाक्य एवढंच, की इराने कडी काढली. पुढे कोरं पान.

"यानाला कडी कशी असेल? इंटरलॉक पाहिजे," असं बाबा दर वेळी म्हणायचे आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचे. त्या एका चुकीला त्यांनी आयुष्यभर माफी दिली होती.

आई भाजी निवडता निवडता ऐकायची. एकदा ती म्हणाली, "बरं झालं बाई, दारातच संपलं. पुढे गेली असती तर भांडीच घासावी लागली असती तिला." आम्ही किती हसलो होतो! पण आईला इरा मनापासून आवडायची. तव्यावर भाकरी असली आणि दुसरं पुस्तक रंगात आलेलं असलं की भाकरी करपायची.

मी इंजिनिअरिंगला असताना लेखकाने चौथं पुस्तक लिहिलं. इतक्या वर्षांनी. बाबा पहिल्याच आठवड्यात जाऊन घेऊन आले, हात धुऊन बसले आणि दहाएक पानांवर थांबले. चौथ्याच्या सुरुवातीला इराची दाढ दुखत असते. नवा ग्रह, नवं आकाश, डोक्यावर दोन चंद्र, आणि बाई गालाला हात लावून बसलेली. "एवढी वाट बघायला लावली आणि दाढ?" बाबांनी पुस्तक माळ्यावर टाकलं. पाचवं आलं तेव्हा आई नुकतीच गेली होती. कुणीतरी बाबांना सांगितलं की त्यात इरा मधेच मरते आणि पुस्तक तसंच पुढे चालू राहतं. बाबा "अस्सं" म्हणाले. पाचवं आमच्या घरात आलं नाही. मग माझंही मत ठरून गेलं, मेखला तीनच. ऑफिसात कुणी पुढच्या दोन पुस्तकांचं कौतुक केलं तर मी त्याच्याशी तावातावाने भांडायची, न वाचताच.

मला सांगायचं आहे ते बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या दसऱ्याबद्दल. त्या दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. रिकामा वेळ कसा घालवायचा याची तालीम म्हणून मीच त्यांना रविवारच्या वाचक कट्ट्याला धाडलं. दुर्गा टेकडीवरच्या बागेत सकाळी सातआठ मंडळी जमायची. टेकडीचं गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असे, खाली प्राधिकरणातल्या गच्च्यांवर धुणी वाळत असत, आणि बाकांवर बसून ही माणसं एखाद्या पुस्तकाचा कीस काढत. त्या महिन्यात त्यांनी 'मेखला' घेतलं होतं. मग मीही गेले.

बाबांनी सुरुवातच जोरात केली. "कडी काढली, तिथे संपलं. पुढची दोन म्हणजे नुसतं दुकान मांडलंय."

समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, मांडीवर डबा. त्यांनी विचारलं, "पुढची वाचलीत तुम्ही?"

"दहा पानं."

"मग दहा पानांपुरतं बोला की!"

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. या शैलजाताई. मूळच्या चिपळूणकडच्या, भोसरीतल्या एका लहान कारखान्यात अकाउंट्स बघायच्या, चिखलीत एकट्या राहायच्या. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेल्या.

"दार उघडल्यावर कुणीतरी चूल पेटवायला नको?" त्या पुढे म्हणाल्या. "तिसरं संपलं तेव्हा मला रात्रभर तोच प्रश्न. आता ही माणसं खाणार काय? भांडणार कशावरून? मला मेलं दाराचं कौतुकच नाही. दारं सगळेच उघडतात."

कट्ट्यावर गणेश नावाचा एक जण यायचा, मूळचा बीडचा, कुरुळीत भाड्याने राहून शिफ्ट करणारा. तो भीतभीतच बोलला. "माझं तर उलटंच झालं, राव. मला रद्दीत पाचवं घावलं पहिल्यांदा. तेच वाचायलो होतो. त्यात इरा म्हातारी, निम्म्यात वारली. मग मागची तीन मिळाली. त्यात ती तरणी होती, मग अजून लहान झाली. लै वेगळं वाटलं. वारलेलं माणूस परत भेटल्यावानी."

बाबा टेकडीखालच्या गच्च्यांकडे बघत होते.

पुढच्या रविवारनंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर एक पुस्तक दिसायला लागलं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. कव्हरावर गणपती उलटा आलेला. आत चौथं होतं. माळ्यावरचं नव्हे, वेगळीच प्रत. बाबा ते चष्मा लावून, ओठ हलवत वाचायचे आणि मी आले की पेपर उघडायचे.

"कसं आहे?" मी विचारलं.

"वाचतोय."

"दाढेचं काय झालं?"

"काढावी लागली," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तितकं वाईट नाहीये गं. मधे बरंच पाणी घातलंय, पण विहिरीचं प्रकरण चांगलं आहे."

मला पक्षांतर झाल्यासारखं वाटलं. ज्या माणसाने मला तीनच पुस्तकांवर वाढवलं, तो आता मला विहिरीचं प्रकरण सांगत होता! आणि कुतूहलही वाटायला लागलं, ते काही केल्या जाईना. बाबा सुट्टीच्या दिवशीही दाढी करायला लागले होते. रविवारी टेकडीवर जाताना डब्यात चिवडा न्यायचे आणि येताना त्याच डब्यात आंबोळ्या असायच्या. एवढ्यावरून एखाद्या शहाण्या मुलीला कळलं असतं. मला वाटत होतं, या वयात माणूस पुस्तकाबद्दलचं मत का बदलतो, हा प्रश्न आहे.

आता या ओळी लिहिताना स्वयंपाकघरातून कोकमाचा वास येतोय. आमच्याकडे पूर्वी आमटीला चिंच असायची. बदलाबद्दल बाबांनी पहिल्या दिवशी एक शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशी "जरा वेगळी झालीय का?" विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतली. मला अजूनही चिंचच आवडते. तसं मी सांगते, आणि माझ्यासाठी कधीकधी चिंचेची होते. घरात मतभेद असला तरी आमटी होतेच, हे मला फार उशिरा कळलं.

तर खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी मी हार ओवत होते, बाबा शेजारी बसून फुलांचे देठ मोडत होते. एकदम म्हणाले, "शैलजाताईंनी मोठा प्लांट कधी बघितला नाही. त्यांना बोलवलं तर?"

"बोलवा ना," मी म्हटलं. सुईत दोरा ओवताना माणूस सहज बोलतो तसं.

दुसऱ्या दिवशी शैलजाताई साधी हिरवी सुती साडी नेसून आल्या. हातात सोनचाफ्याची चार फुलं. बाबांनी त्यांना प्रेस दाखवला. तो पत्रा कसा दाबतो, हात मधे राहिला तर आपोआप कसा थांबतो, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा. त्या एकेक विचारत होत्या आणि बाबा सांगत होते. मी जन्मभर या माणसाला पाहिलं होतं, पण एवढं लांबलचक बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाताखालची माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. मी प्रेससमोर उभी राहिले. आई जिथे उभी राहायची ती जागा मला ठाऊक होती. तिथे तेव्हा कुणीच नव्हतं, नुसती रांगोळी होती.

पेढे घेताना शैलजाताई माझ्या शेजारी आल्या.

"पाचवं वाचलंस?"

"नाही."

"का गो?"

"इरा मरते ना."

"मरते. निम्म्यातच."

"मग पुढे काय उरतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मलाही तेच बघायचं होतं," म्हणाल्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबांनी चहा केला. स्वतः. कप माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मुक्ता, मी आणि शैलजाताई लग्न करावं म्हणतोय. तुला विचारल्याशिवाय नाही."

खाली भंगारवाल्याची आरोळी चालली होती. ती लांब गेल्यावर मी विचारलं,

"आणि आई?"

"आई काय?"

"आईचं काय, बाबा?"

"तिचं काय व्हायचंय? ती आहेच." त्यांचा आवाज बारीक झाला. "ती कुठे जाणार आहे इथून?"

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "कडी काढली की संपतं, असं तुम्हीच म्हणायचात."

बाबा चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. "अगं, ते पुस्तकाबद्दल म्हणायचो!"

ते खरंच चकित झाले होते. एवढी वर्षं मी त्या वाक्याचा काय काय अर्थ लावत आले आणि त्यांना फक्त पुस्तक म्हणायचं होतं. मला हसूही येईना आणि रडूही. मी कप उचलून गॅलरीत गेले.

सोमवारी कॅबमध्ये मी चौथं उघडलं. वाकडच्या पुलावर गाड्या जागच्या जागी उभ्या, पुढे लाल दिव्यांची रांग, आणि मी दोन चंद्रांच्या ग्रहावर. पुढचे दोनेक आठवडे मी जाता येता तेच केलं. माझं मत आजही असं आहे की चौथं पुस्तक सैल आहे. लेखकाचा हात थकलाय, हे पानापानावर जाणवतं. माणसं फार बोलतात. पहिल्या तीनमधला तो अंगावर येणारा काळोख यात नाही.

एव्हाना बाबांनी पाचवंही आणलं होतं. ते वेगळं आहे. इरा खरंच निम्म्यात जाते, तीही कसलाही गाजावाजा न करता. शेतावरून येते, पाय धुते, बसते. पुढच्या पानावर लोक पाण्यावरून भांडत असतात. मला लेखकाचा संताप आला. अरे, थांबा जरा! पण कुणी थांबत नाही. मग मला कळेना की मी पुढे का वाचतेय. पुढे एक मुलगी यंत्र उघडताना दुसऱ्या पुस्तकातल्या इरासारखी मान कलती करते. लेखक तसं सांगत नाही, फक्त मान कलती केल्याचं लिहितो. त्या पानावर कॅब ऑफिसच्या दारात पोचली होती, बाकीचे उतरले होते, आणि ड्रायव्हर म्हणत होता, "मॅडम, उतरायचं नाही का?" मला आई आठवली होती. ती दवाखान्यातली नव्हे, भाकरी करपवणारी. किती दिवसांनी.

दिवाळीच्या तोंडावर मी बाबांना न सांगता चिखलीला गेले. शैलजाताई चकल्या तळत होत्या. मला पाहून त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्ची दिली. घर लहान, स्वच्छ, पुस्तकांनी भरलेलं.

"चौथं मला आवडलं नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे मी दुसरंच बोलायला गेले होते.

"मला तरी कुठे सगळं आवडलं?" त्या म्हणाल्या. "विहिरीचं तेवढं बरं आहे." मग समोर बसल्या. "हे बघ, मुक्ता. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. रागावणारही नाही. मला एकटीची सवय आहे, ती काही वाईट सवय नाही."

त्या हे अगदी सरळ बोलल्या. त्यात ना रुसवा होता, ना विनवणी. मी विचारलं, "तुम्हाला बाबांचं काय आवडलं?"

त्यांना हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नसावं. त्यांनी चकल्यांचं ताट बाजूला सरकवलं. "दहा पानांवर मत ठोकून दिलं होतं त्यांनी. चार लोकांत मी टोकलं. दुसरा कुणी असता तर पुन्हा कट्ट्यावर फिरकला नसता. हे पुढच्या रविवारी आले आणि म्हणाले, पुस्तक द्या. आमच्या घरात तीन भाऊ, दोन काका. या वयाचा पुरुष मत बदलताना मी पहिल्यांदा पाहिला." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं काय म्हणणं होतं इराबद्दल? त्यांनी वाचलं होतं ना?"

आई गेल्यापासून लोक मला तिच्या आजाराबद्दल विचारत आले होते. तिचं मत काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना भांड्यांची गोष्ट सांगितली. शैलजाताई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने ते पुसत म्हणाल्या, "छान जमलं असतं आमचं. कडकडून भांडलो असतो."

मग मी त्यांना चकल्या पाडू लागले. माझ्या तुटत होत्या. त्यांनी तुटलेल्याही तळल्या.

लग्न दिवाळीनंतर नोंदणी कार्यालयात झालं. शैलजाताईंचा भाऊ चिपळूणहून आला होता, गणेश शिफ्ट बदलून आला होता, आणि तिसरी साक्षीदार मी. आमच्या आधी बरीच तरुण जोडपी होती. मुली मेंदी लावून, मुलं फोनवर. बाबा आणि शैलजाताई भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. मला वाटलं, दोघं अवघडून गेले असतील. म्हणून पाण्याची बाटली घेऊन जवळ गेले.

दोघं पाचव्या पुस्तकावरून भांडत होते. शेवटी शेवटी ग्रहावरची माणसं मेखला यान मोडतात आणि त्याच्या पत्र्याची घरं बांधतात, ते बाबांना मुळीच पटलं नव्हतं. जन्मभर यंत्रं जगवलेला माणूस. "चालू स्थितीतलं यान होतं ते," ते दबक्या आवाजात, पण हातवारे करत सांगत होते. "थोडी देखभाल केली असती तर अजून टिकलं असतं."

"टिकवून करायचं काय? थंडीत पोरं कुडकुडत होती. घरं कशाची बांधायची होती?"

"दुसरं काही शोधायचं!"

"शोधेपर्यंत कुडकुडू द्यायचं?"

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. दोघांनाही ऐकू गेलं नाही. मी बाबांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, चला. आपला नंबर आला."

"एक मिनिट," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचं चुकतंय."

हिचं. त्या क्षणापर्यंत त्या आमच्या घरात शैलजाताई होत्या. बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ते बोटं मोजत आपला पुढचा मुद्दा मांडत होते, आणि शैलजाताई मान तिरकी करून ऐकून घेत होत्या, उत्तर तयार ठेवून. दारात उभ्या असलेल्या कारकुनाने दुसऱ्यांदा नाव घेतलं, जरा चिडूनच. मी त्याला हाताने खूण केली, थांबा थोडं, बोलणं चाललंय त्यांचं.